नाव नसलेला शनिवार

आमच्या मंडळीत ईस्टरच्या आदल्या शनिवारला नाव नाही. शुक्रवारला आहे, उत्तम शुक्रवार. रविवार तर सणाचाच. शनिवारी मात्र देवळाला कुलूप असतं. आम्ही जुन्या मिशनची माणसं, चर्चला अजून देऊळच म्हणतो. दुपारी ऊन उतरलं की चारदोन बायका येतात, फरशी धुतात, वेदीवरचं काळं कापड काढून पांढरं घालतात, निशिगंधाच्या काड्या पितळी फुलदाण्यांत खोचतात आणि घरी जातात. लहानपणी मला वाटायचं, हा नुसता साफसफाईचा दिवस आहे.

मी साताऱ्याला एका शाळेत मराठी शिकवते आणि रविवारी उपासनेआधी मंडळीतल्या मुलांचा वर्ग घेते. ईस्टरचा धडा मला तोंडपाठ होता. मुलांना मी वल्हांडणापासून सांगत यायचे. मिसर देशात यहुदी लोक गुलाम होते. सुटकेच्या रात्री त्यांनी दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं आणि मरण ती घरं ओलांडून पुढे गेलं, म्हणून तो ओलांडण्याचा सण. त्याच सणासाठी येशू यरुशलेमेला आला आणि त्याच सणात त्याला वधस्तंभावर दिलं. वल्हांडण चंद्रावर ठरायचा, म्हणून आपला ईस्टरही दरवर्षी मागेपुढे होतो. शुक्रवारी त्याला घाईनं पुरलं, कारण सूर्य बुडला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस लागतो आणि शब्बाथाला हात चालवायचा नाही. अरिमथाईच्या योसेफानं स्वतःसाठी खडकात खोदून घेतलेली कबर दिली. गालीलातून बरोबर आलेल्या बायकांनी कबर बघून ठेवली, देहाला लावायची सुगंधी द्रव्यं तयार केली. “मग शनिवार गेला,” मी म्हणायचे, आणि लगेच आवाज चढवून रविवारच्या पहाटेवर यायचे. मुलांना कबरेच्या तोंडावरचा धोंडा बाजूला झालेला ऐकायचा असायचा. मलाही तोच सांगायचा असायचा.

माझा धाकटा भाऊ सांगलीला होता. फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा. उन्हाळा हा त्याचा हंगाम, त्यामुळे ईस्टरला साताऱ्याला येणं त्याला बहुधा जमायचं नाही. तिथल्याच मंडळीच्या गायनात तो खालच्या पट्टीत गायचा. त्याला स्वतःच्या आवाजाची थोडी लाज वाटायची. “ताई, मी गातो म्हणजे मागं उभा राहून भिंत धरतो,” असं म्हणायचा. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. आईनं मिशनच्या दवाखान्यात नर्सची नोकरी करून आम्हाला वाढवलं.

आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. साताऱ्यात मंडळीतलं कुणी गेलं की पाळकांच्या आधी आईला बोलावणं यायचं. ती मयताला आंघोळ घालायची, केस विंचरायची, जबडा बांधायची, नाकात कापूस घालायची, कपडे चढवायची. पुरुष असो, बाई असो, ती नर्स असल्यानं कुणाला संकोच वाटत नसे. तिचा एक नियम होता, पाणी कोमट पाहिजे. मी एकदा विचारलं, त्याला काय कळणार आहे? ती म्हणाली, “त्याला न्हाई कळत. पण उंबऱ्यात त्याची बायको उभी असती, तिला कळतं.”

त्या वर्षी उत्तम शुक्रवारी आम्ही दोघी साताऱ्यात तीन तासांची उपासना करून घरी आलो. उपास होता. संध्याकाळी सोडायचा म्हणून आईनं भात टाकला होता. तेवढ्यात भावाच्या मित्राचा फोन आला. तो म्हणाला, “ताई, तुम्ही या. आईंना पण घेऊन या.” काय झालं विचारलं तर तो पुन्हा तेच म्हणाला. मी घराच्या किल्ल्या शोधत होते. आई आतल्या खोलीत गेली आणि एक पिशवी भरून बाहेर आली. पिशवीत काय आहे ते मी तेव्हा पाहिलं नाही. गाडीत बसल्यावर कऱ्हाडच्या पुढे कधीतरी माझा हात त्या पिशवीवर पडला. आत साबण होता, कापसाचं बंडल होतं, कोलनवॉटरची बाटली होती, धुतलेली पांढरी चादर होती, आणि भावासाठी ईस्टरला म्हणून शिवून आणलेला पांढरा शर्ट होता. मी आईकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सांगलीत उपासना संपल्यावर गायनातली पोरं कृष्णेवर पोहायला गेली होती. उन्हानं सगळे भाजून निघाले होते, उपासही होता. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी थोपलेलं असतं, तिथं. भावाला पोहता येत होतं. मित्र म्हणाला, “तो डोहाच्या बाजूला गेला. एकदा खाली जाऊन वर आला. मग हात वर केला. आम्हाला वाटलं, या म्हणतोय.” ते सांगताना त्यानं स्वतःचा हात वर केला आणि तो खाली घ्यायचं त्याला सुचेना. शेवटी मामानं त्याचा हात धरून खाली घेतला. मामा, आईचा भाऊ, जतहून आमच्या आधी येऊन पोचला होता.

शनिवारी उजाडल्यापासून आम्ही काठावर होतो. बचाव पथकाची रबरी नाव फिरत होती. गावातले दोन भोई आपली होडी घेऊन आले होते आणि गळ टाकून तळ चाचपत होते. गळ कशाला अडकला की होडीवरचं बोलणं थांबायचं. कधी बाभळीची फांदी यायची, एकदा फाटकी गोधडी आली. आई प्रत्येक वेळी उठून उभी राहायची आणि पुन्हा बसायची. काठाला ज्यांचा ऊस होता ते एक निवृत्त फौजी होते. त्यांनी मोटारीच्या शेडमधून खाट आणून करंजाच्या सावलीत टाकली. “आवं आई, हितं बसा. ऊन लय हाय,” म्हणाले. त्यांच्या घरून भाकरी आली, आमटी आली. आईनं पाणी तेवढं घेतलं.

दुपारी गर्दी वाढली. काठावर माणसं बोलत होती आणि आपलं बोलणं लांबवर ऐकू जातं हे पाण्याजवळच्या माणसांच्या लक्षात येत नाही. आमच्या मागे कुणीतरी म्हणालं, “ह्या टप्प्यात मगर हाय. औंदा दोनदा दिसली.” फौजी त्याच्या अंगावर गेले. “तोंड बंद करा. माय बसलीया हितं.” पण आईनं ऐकलं होतं. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसली. नंतर होडी काठाला आली तेव्हा ती स्वतः चालत भोयाजवळ गेली.

“मगर हाय का हितं?”

भोई वयानं बराच मोठा होता. “नदी हाय आई. असत्यात,” म्हणाला. “पन आमी सोडनार न्हाई. सांजंपत्तुर बघू, उद्या बघू.”

त्या खाटेवर बसल्यावर मला पहिल्यांदा गालीलातून आलेल्या त्या बायकांची आठवण झाली. शुभवर्तमानात त्यांच्या शनिवारबद्दल जवळजवळ काही नाही. आज्ञेप्रमाणे त्या स्वस्थ राहिल्या, एवढंच. मी इतकी वर्षं त्यांना रविवारच्या बायका समजत आले होते. त्या दिवशी त्या कुठल्यातरी परक्या घरात बसल्या असतील, द्रव्यांचा वास सगळ्या घरात भरलेला असेल, आणि देहापर्यंत जायची परवानगी नाही. उद्या काही होणार आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपण त्या दिवसाला ईस्टरचा आदला दिवस म्हणतो. त्यांच्यासाठी तो कशाचाही आदला दिवस नव्हता. तरी मनात आलं, त्यांना कबर कुठे आहे ते ठाऊक होतं. माझ्या आईला तेवढंही नव्हतं. असं तोलून बघणं बरं नाही, पण मनात आलं खरं.

सांगलीचे पाळक ऊन कलल्यावर आले. त्यांनी मामाला आणि मला बाजूला घेतलं. “देह मिळाला की थांबता येणार नाही,” ते म्हणाले. “उन्हाळा आहे, पाण्यातला देह आहे. साताऱ्याला नेणं होणार नाही. इथं आपल्या दफनभूमीत कबर तयार ठेवू या का?” मामानं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. सूर्य मावळायच्या आत कबर खोदून झाली आणि वर फळ्या टाकल्या.

रविवारी पहाटे आईनं मला उठवलं. आम्ही फौजींच्या ओसरीवर निजलो होतो. “तू उपासनेला जाऊन ये,” ती म्हणाली.

“आज?”

“घरातलं एकानं तरी जावं. मी हितं हाय.”

ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीतच होते, आमच्याकडे सगळीकडे तसंच आहे. आदल्या संध्याकाळी कबरी झाडून पुसून ठेवतात, पहाटे फुलं आणि मेणबत्त्या घेऊन घराघरातली माणसं आपापल्या माणसांपाशी उभी राहतात. मी गेले तेव्हा अजून झुंजुमुंजू होतं. सगळ्या कबरींवर उजेड होता. एका कोपऱ्यात ताज्या मातीचा ढीग आणि त्या फळ्या. मला उभं राहायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी तिथं उभी राहिले. माणसं माझ्याकडे बघून बाजूला सरकली, वाट दिल्यासारखी.

पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानातला भाग वाचला. अंधार असतानाच मग्दालीया मरिया कबरेशी येते. धोंडा काढलेला, आत देह नाही. ती रडत बाहेर उभी राहते. कुणी विचारतं, का रडतेस? ती सांगते की माझ्या प्रभूला नेलं आणि कुठं ठेवलं ते मला कळत नाही. मग मागं उभ्या असलेल्या येशूलाच ती माळी समजते आणि त्याला विनवते, तू नेलं असशील तर जागा सांग, मी घेऊन जाईन.

हा भाग मी मुलांना अभिनय करून शिकवलेला होता. त्या पहाटे मला तो पहिल्यांदा ऐकू आला. रिकामी कबर ही आमच्या सणाची खूण. आम्ही ती कार्डांवर छापतो, फळ्यावर रंगीत खडूनं काढतो. पण जी बाई तिथं सर्वांत आधी पोचली तिला ती खूण वाटली नव्हती. तिचं माणूस शुक्रवारी मेलं होतं आणि आता देहही गेला होता. ईस्टरच्या पहिल्या पहाटे तिथं आनंद नव्हता. एक बाई येईल-जाईल त्याला देह कुठं आहे ते विचारत होती.

उपासना संपली. आमच्यात त्या दिवशी एरवीसारखा सलाम करत नाहीत. एकजण म्हणतो, प्रभू उठला आहे, आणि दुसरा म्हणतो, खरोखर उठला आहे. एक वयस्क बाई सगळ्यांचे हात हातात घेत पुढे येत होत्या. माझा हात धरून सवयीनं “प्रभू उठला आहे” म्हणाल्या आणि मग त्यांना कळलं मी कोण ते. त्या हात सोडेनात. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द लहानपणापासून जिभेवर आहेत. ते आले नाहीत. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, मग त्यांना त्यांच्या सुनेनं हाक मारली.

देह सापडला नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. पथक गेलं. वरून धरणाचं पाणी सोडलं आणि नदी वाढली. भोई त्यानंतरही येत राहिला, स्वतःच्या मनानं, आणि एके दिवशी त्यानं होडी बांधून ठेवली आणि आईसमोर उकिडवा बसला. “आई, आता माज्या हातात न्हाई,” म्हणाला. आईनं मान हलवली. त्याच्या घरी किती पोरं आहेत ते विचारलं.

कबर उघडी होती. तिचा विषय काढायचं धैर्य कुणालाच नव्हतं. पाळक फौजींच्या घरी आम्हाला भेटायला यायचे, प्रार्थना करायचे, आणि उठता उठता पुन्हा बसायचे. शेवटी आईच म्हणाली, “पाळकसाहेब, खड्डा तसाच ठेवू नका. जनावर पडंल कुठलं तरी.”

त्याच आठवड्यात सांगलीच्या मंडळीतली एक म्हातारी वारली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा केव्हाच गेलेला. आईला हे कळलं तेव्हा ती न्हाणीत कपडे पिळत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, “कबर तयार हाय, तर तिला द्या. आंघोळ मी घालते.”

मी तिला थांबवलं. म्हटलं, आई, नको. ती म्हणाली, “कुणी हाय का तिचं?” मग मी बरोबर गेले.

पाणी तिनं चुलीवर तापवून घेतलं आणि कोपर बुडवून पाहिलं. साबण पिशवीतला काढला. मी पाणी ओतत होते आणि ती म्हातारीचे हात, बोटांच्या बेचक्या, कानामागची जागा धूत होती, जराही घाई न करता. मग कापूस, मग कोलनवॉटर. चादर अंथरताना तिनं एकदा ती नाकाशी धरली. पिशवीत शर्ट तेवढा उरला. म्हातारीला तिनं चादरीत नीट गुंडाळलं, आणि तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. ती रडली नाही. मी तिला दुसऱ्या दिवशी घरी घेऊन निघाले तेव्हा एसटी कऱ्हाडजवळ मलकापुरात थांबली होती, माणसं चढत-उतरत होती, आणि आई एकदम म्हणाली, “आपुन त्याला तिथंच टाकून चाललोय का गं?”

तिनं पुढचा सगळा रस्ता तोंडाला पदर लावून काढला.

याला आता काही वर्षं झाली. देह नाही म्हणून सरकारदरबारी भाऊ अजून बेपत्ता आहे. मेल्याचा दाखला मिळायलाही वर्षं मोजावी लागतात. साताऱ्यातल्या आमच्या तरुण पाळकांनी देहावाचून स्मरणाची उपासना करू या असं सुचवलं. आईनं नको म्हटलं. ते चांगले आहेत, मनापासून येतात. एकदा त्यांनी तिला बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं सांगितलं, शेवटच्या दिवशी समुद्रसुद्धा आपल्यातले मेलेले परत देईल. आईनं ऐकून घेतलं.

“समुद्राचं लिवलंय,” ती म्हणाली. “नदीचं काय लिवलंय का, पाळकसाहेब?”

पाळकांनी पुस्तक मिटलं. चहा गार झाला तरी ते बसून राहिले.

आई उत्तम शुक्रवारी देवळात येते. तीन तास बाकावर ताठ बसते, येशूचे वधस्तंभावरचे सातही उद्गार ऐकते. ईस्टरला येत नाही. मी एकटी जाते. मुलांचा वर्ग मी सोडलेला नाही. सोडणार होते, पण दुसरं कुणी घेईना. धडा मात्र आता मला पूर्वीसारखा सांगता येत नाही. प्रेषित पौलानं लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे. हे मुलांना सांगताना मला पूर्वी जोर यायचा. आता ते वाक्य मला दोन्ही बाजूंनी कापतं. तो उठला असेल, तर माझ्या आईला आणखी किती वाट बघायची? आणि उठला नसेल, तर ती कशाची वाट बघत बसली आहे?

गेल्या ईस्टरला मी उपासनेहून आले तेव्हा आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मला वाटलं, तिला काहीतरी द्यावं. मी म्हटलं, “आई, मार्काच्या शुभवर्तमानाच्या जुन्या प्रतींत शेवट वेगळा आहे. तिथं बायका कबरेपासून भिऊन पळून जातात आणि कुणालाच काही सांगत नाहीत. गोष्ट तिथंच थांबते.”

ती निवडत राहिली. “घरी गेल्या असतील,” म्हणाली.

“आणि योहानात मरियेला तो ओळखू येत नाही. माळी वाटतो. नावानं हाक मारल्यावर कळतं.”

आईचे हात थांबले. “तेच म्हणते मी,” ती म्हणाली. “तिला हाक मारली त्यानं. कबर नसती, काहीच नसतं, तरी तिचं भागलं असतं. मला आपलं वाटायचं, नदीवर बसलं की एकदा तरी ऐकू येईल. आई म्हणून नको. नुसतं काहीतरी.” मग म्हणाली, “काही न्हाई आलं.”

मी तिच्याजवळ खाली बसले आणि परातीची दुसरी कड माझ्याकडे ओढली. बाहेर शेजारच्यांची मोटर सुरू झाली, नळाला पाणी आलं होतं. आईनं मला उपासनेला कोण कोण होतं ते विचारलं, आणि मी एकेकाचं सांगत गेले.